राखून ठेवलेला डोळा

मुर्ध्याच्या जिजाबाईंनी आपला उजवा डोळा नातीसाठी राखून ठेवला आहे, ही गोष्ट ज्याला ठाऊक नव्हती तो माणूस बहुधा परगावचाच असावा. मोतीबिंदू केव्हाच पिकला होता आणि डाव्या डोळ्यातही धुके उतरू लागले होते. भाईंदर पश्चिमेच्या डॉक्टरांनी तारखा देऊन देऊन शेवटी हात टेकले. परंतु पुतणीच्या हळदीच्या मांडवात, बँडवाल्यांना एका हाताने गप्प करून, जिजाबाईंनी भर समाजात जाहीर केले होते, "माज्या डोल्याला हात लावंल ती माजी चांदणी, डॉक्टर होऊन! दुसऱ्या कुनाची टाप न्हाय."

मांडवात उच्चारलेला शब्द जिजाबाईंनी कधी मागे घेतला नव्हता. एके काळी मिठागराच्या बांधावर उभ्या राहून, पार पलीकडच्या टोकाला कोण फावडे टेकून विडी ओढतो आहे, हे त्या नावानिशी ओरडून सांगत. आता मिठागर गेले, शेताच्या जागी इमारत उभी राहिली, आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर समोर उभी आहे ती सून की फ्रिज, हे त्यांना आवाजावरून ठरवावे लागे.

त्या शुक्रवारी घरात मोठी बैठक बसली. चांदणी नीटच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसली होती. एमबीबीएस यंदाही हुकले, पण फिजिओथेरपीच्या कॉलेजात जागा मिळाली होती. सोमवारपर्यंत ती घ्यायची, नाहीतर सोडून तिसऱ्यांदा परीक्षेला बसायचे.

"बसायचं," जिजाबाईंनी निकाल दिला. "मी पाच बालंतपनं केली. तिसऱ्या येलेला मना कुनी इचारलं न्हवतं, बसतेस का म्हनून."

चांदणीचे वडील बाळा यांनी मान डोलावली. आईसमोर त्यांना तेवढेच करता येत असे.

"आजी, पुस्तक उघडलं की मला तुझा डोळाच दिसतो गं," चांदणी म्हणाली.

"मंग चांगलं हाय की! तोच धडा आधी कर."

"तसं नसतं ते. एमबीबीएस झालं तरी डोळ्यांची डॉक्टर व्हायला आणखी शिकावं लागतं. सगळं मिळून नऊ-दहा वर्षं. तोपर्यंत..."

"तोपर्यंत काय? मी कुटं जानार हाय का?"

पास झाली की पुढच्या दिवाळीला डोळा, असा जिजाबाईंचा सरळ हिशेब होता. नऊ-दहा वर्षे हा शब्द त्या घरात प्रथमच उच्चारला गेला होता.

"तू ऑपरेशन करून घे," चांदणी हळूच म्हणाली. "मग मी ठरवते. तोवर मला काय हवंय, ते मलाच कळत नाही."

"मांडवात बोल्ले हाय मी," जिजाबाई म्हणाल्या आणि बैठक संपली.

या साऱ्यात धाकटे चिरंजीव दशरथ मात्र स्वस्थ बसले नव्हते. यादीत पुतणीचे नाव आहे एवढेच ऐकून, कसली यादी हे न विचारता, त्यांनी दुपारीच नाक्यावर बॅनर चढवला होता: 'डॉ. चांदणी हिचे हार्दिक अभिनंदन'. त्यात दशरथांचा फोटो छातीपर्यंत होता आणि चांदणीचा पासपोर्टएवढा. बैठकीतून उठल्यावर चांदणीने तो पाहिला, रडून आकाशपाताळ एक केले आणि काकांना त्याच संध्याकाळी शिडीवर चढवले. बॅनर उतरला. रिकाम्या जागेवर लगेच दुसरा चढला. जिजाबाईंना मात्र बॅनर लागल्याचे दशरथांनी मोठ्या उत्साहाने कळवले होते, आणि उतरल्याचे कळवायला कोणीच धजावले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून नीलम न्हाणीघरात शिरल्याचे कानांनी हेरून, जिजाबाई ठेवणीतले लुगडे नेसून, निरांजनाचे ताट घेऊन एकट्याच नाक्यावर गेल्या. नीलम ओल्या केसांनी धावत पोहोचली तोवर औक्षण रंगात आले होते.

"काय सोज्वल दिसते पोर!" जिजाबाई अवघ्या नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होत्या. "नजर लागंल कुनाची. आनि डॉक्टरकीचा चश्मा बी घातलाय बघा!"

बॅनरवर काळा गॉगल, झुपकेदार मिशा आणि कानाला मोबाईल लावलेले बाबाजी होते. नगरसेवक होण्यास त्यांना केवळ निवडून येणेच बाकी होते, आणि आज त्यांचा वाढदिवस होता. मासळीवाल्या टोपल्या सोडून उभ्या राहिल्या. रिक्षावाल्यांनी इंजिने बंद केली. इतक्यात पांढरेशुभ्र कपडे घातलेले बाबाजी स्वतः पुढे आले आणि त्यांनी जिजाबाईंच्या पायांवर डोके टेकवले.

"आजी, माझ्या सख्ख्या आईने इतकं कौतुक नाही केलं कधी!"

"तू कोन रं?"

"मी बाबाजी. फोटो माझाच हाय ना हा."

नाक्याने श्वास रोखून धरला. जिजाबाईंनी ताट तसूभरही हलू दिले नाही.

"मंग? गावचा पोर हास तू. वाढदिवसाला ओवालायचं न्हाय?" त्यांनी त्याच्या कपाळाच्या अंदाजाने कुंकू लावले, ते नाकावर लागले. "मिशी कमी कर. बायको मिलंल."

त्या तडक घरी परतल्या. दारात मात्र थांबल्या.

"नीलम, त्या डॉक्टरला फोन लाव."

"अहो, पण आई, मांडवात तुम्ही..."

"ऑपरेशननंतर डोल्यात थेंब कोन घालनार? चांदणीच ना? डोल्याला हात तिचाच लागला की न्हाय? डॉक्टरकी मागून होईल. मंग शब्द मोडला कुटं?"

शब्दाचा असा अर्थ लावण्याचा अधिकार घरात दुसऱ्या कोणाला नव्हता. जिजाबाईंचा बेत बदलण्याच्या आत डॉक्टरांनी त्याच दुपारी ऑपरेशनला जागा करून दिली.

रविवारी पट्टी निघाली. समोर चांदणी थेंबांची बाटली घेऊन उभी होती. जिजाबाई तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. गालफडे बसलेली, डोळ्यांखाली काळे.

"हे कधीपासनं?"

"दोन वर्षं झाली, आजी."

जिजाबाईंनी पदर सारखा केला. पुन्हा एकदा केला. "मी काय सांगत न्हाय आता. तुला काय पायजे?"

चांदणीने बाटली खाली ठेवली. "इतके दिवस वाटायचं, नको म्हटलं तर तुझा डोळा माझ्या माथी. आता विचारलंस म्हणून सांगते. तिसऱ्यांदा नाही बसायचं मला. मी ती जागा घेणार."

"घे."

बाळा यांनी सवयीने मान डोलावली, आणि आईने होकार दिला आहे हे ध्यानी येताच पुन्हा एकदा, मनापासून डोलावली.

"पन तिथं बरं करतात काय?" जिजाबाईंनी चौकशी केली.

"गुडघे, कंबर, खांदे. माणसं चालती करतात."

जिजाबाईंच्या मुद्रेवर जुने तेज परतले. "गुडघे? मंग माजे दोनी गुडघे मी आजपासून..."

"राखून ठेवायचे नाहीत!" चांदणी कडाडली. तो आवाज थेट मिठागराच्या बांधावरचा होता. "खुर्चीत नीट बस. पाय सरळ उचल. अस्सा. धरून ठेव."

जिजाबाईंनी पाय उचलला. काही वेळाने तो थरथरू लागला.

"ठेवू का खाली?" त्यांनी विचारले.

"मी सांगेन तेव्हा," नात म्हणाली.