झाकणाच्या आतले दोन आकडे

मित्रांनो, मी एक जुनी लाल मोटार आहे. माझ्यात दोनच माणसांची जागा आहे, छत कापडाचे आहे आणि उंची इतकी कमी की, पोट सुटलेल्या माणसाला माझ्यातून उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास एक चूक करतो. तो पुढचे बॉनेट उघडतो, आत इंजिनाऐवजी झेंडूच्या पाट्या बघतो आणि माझ्या मालकाकडे संशयाने पाहू लागतो.

माझे इंजिन मागे आहे. त्यात पाणी घालायची सोयच नाही, ते वाऱ्यावर थंड होते. पण पंख्याचा वारा लागतो तो बाहेरून. आतली आग तेलालाच सोसावी लागते. दुसऱ्या गाड्यांमध्ये तेल जरा इकडचे तिकडे झाले तर पाणी सांभाळून घेते. मला सांभाळून घेणारे दुसरे कुणी नाही. माझ्या आयुष्यात जे काही भले-बुरे झाले ते या तेलापायीच झाले, हे मी आधीच सांगून टाकते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशात झाला. तिथून बोटीने मुंबईला आले आणि घाट चढून देवळाली कॅम्पात कर्नलसाहेबांच्या बंगल्यावर. साहेब मला पळवत फार छान, पण माझे खरे लाड केले ते त्यांच्या ड्रायव्हरने, भगूरच्या निवृत्तीने. माझ्याबरोबर एक इंग्रजी पुस्तक आले होते. निवृत्तीला इंग्रजी येत नव्हते. त्याने ते साहेबांकडून दोनदा वाचून घेतले, आणि मग बारीक ब्रश व पांढरा रंग घेऊन माझ्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिले, ‘थंडीत ३०, उन्हात ४०’. तीस नंबरचे तेल पातळ, चाळीसचे त्याहून जाड. देवळालीच्या कडाक्याच्या थंडीत जाड तेल गोठल्यासारखे होते. ते वरपर्यंत पोचेतो माझे फिरते भाग कोरडेच एकमेकांवर घासतात. उलट वैशाखात पातळ तेल इतके सैल पडते की, लोखंड आणि लोखंड यांच्यामध्ये धरून राहायला काही उरतच नाही. निवृत्ती दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा तेल बदली. आठ वर्षांत त्याची एकही खेप चुकली नाही.

१९७४ साली कर्नलसाहेब निवृत्त होऊन उत्तरेकडे आपल्या गावी निघाले. बंगल्यावर रोज फुले आणून देणारे मखमलाबादचे कोंडाजी माझ्यावर केव्हाचे डोळा ठेवून होते. साहेबांनी मला त्यांच्या हवाली केले. निघताना निवृत्ती त्यांना म्हणाला, “तात्या, हिच्या तेलाकडं लक्ष ठेवा. झाकणावर लिवलंय समदं.” कोंडाजींनी मान डोलावली. पण त्यांचे दोन्ही हात माझ्या स्टिअरिंगवर होते आणि मन त्याच्याही पुढे, गंगापूर रोडवर धावत होते. एकही शब्द त्यांच्या कानात शिरला नाही, हे मला तेव्हाच कळले होते.

फुलांचे काम मला मनापासून आवडले. इंजिन मागे असल्याने माझी पुढची डिकी भर दुपारीही गार राहते. इतरांचे गुलाब टेम्पोतून माना टाकत बाजारात पोचत, कोंडाजींचे ताठ उभे असत. दोन पाट्या डिकीत आणि एक शेजारच्या सीटवर बसवून आम्ही फुलबाजारात शिरलो की माणसे बाजूला होत. कोंडाजींच्या पत्नी लंकाबाई सुरुवातीला म्हणाल्या, “फुलांसाठी आणलीय का सोतासाठी, ते तरी खरं सांगा.” कोंडाजी नुसते हसले. पुढे लंकाबाई स्वतःच शेजारच्या सीटवर बसून बाजाराला येऊ लागल्या, तेव्हा निशिगंधाची पाटी त्यांच्या मांडीवर असे. ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस.

चूक झाली ती प्रेमापोटी, म्हणून मला कोंडाजींवर धड रागावताही आले नाही. त्यांच्या विहिरीवर पाणी उपसायचे ऑइल इंजिन होते आणि त्याच्याजवळ जाड तेलाची टाकी. एका होळीनंतर माझा आवाज थोडा वाढला होता. गावातल्या सगळ्यांची एकच रीत होती, इंजिन जुने झाले की तेल जाड करायचे. विहिरीवरच्या संथ इंजिनाला ते चालूनही जात असे. कोंडाजींनी माझे तेल काढले आणि विहिरीवरचे भरले. माझा आवाज बसला. “बघा, कशी गप झाली,” ते सगळ्यांना सांगत सुटले. मित्रांनो, मी गप्प झाले होते, बरी झाले नव्हते.

थंडी पडली तेव्हा खरे दुखणे वर आले. पहाटे बाजाराला निघायचे म्हणून ते मला चालू करत आणि तेल जागचे हलतच नसे. मी खडखडत असे. खडखड ऐकली की कोंडाजींना वाटे, म्हातारी आणखी थकली. मग ते आणखी जाड तेल आणत. असे तीन हिवाळे गेले. झाकणाच्या आत काळ्या तेलकट मळाचा थर चढत गेला आणि निवृत्तीचे आकडे त्याखाली झाकले गेले. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितले असते. १९८० मध्ये वीटभट्टीसारखा धूर सोडत मी फुलबाजाराच्या तोंडाशी बंद पडले आणि त्यानंतर जांभळाच्या झाडाखाली उभी राहिले.

चार वर्षे तिथेच. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. लंकाबाई माझ्या बॉनेटवर मिरच्या वाळवत. त्याचे मला वाईट वाटले नाही, निदान रोज कुणाचा तरी हात लागत होता. गावातल्या काळू मिस्त्रींनी एकदा येऊन इंजिन संपले असे जाहीर केले, आणि १९८४ च्या एप्रिलमध्ये भंगारवाले गोटीराम मला बघून गेले. पुढच्या महिन्यात बैलगाडी घेऊन येतो म्हणाले.

त्याच आठवड्यात चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी हार न्यायला भिमाजी नावाचे गृहस्थ शेतावर आले. अंबडच्या एका कारखान्यात बारा वर्षे यंत्रांना तेल द्यायचे त्यांचे काम होते. त्यांचा विभाग बंद झाला, तेव्हा त्यांनी अंबडलाच पत्र्याची शेड घालून गॅरेज काढले. दोन महिने झाले तरी एक गाडी आली नव्हती. लोक म्हणत, याने जन्मभर नुसते तेल ओतले, याला इंजिनातले काय कळणार. त्यांच्या पत्नी मंगलाबाई धीराच्या होत्या, पण त्यांनीही सांगून ठेवले होते की, पावसाळ्यापर्यंत बघू, नाहीतर शेड मोडून माझ्या भावाच्या गावी शेतावर जाऊ.

भिमाजींनी हार घेतले आणि तिथेच माझ्यापाशी थांबले. त्यांनी माझी तेल मोजायची पट्टी उपसली, तेल दोन बोटांत चोळले, नाकाशी नेले. मग मान वळवून विहिरीकडे पाहिले.

“कोंडाजीतात्या, हिला विहिरीवरचं तेल घालता का?”

“मंग? इंजिन त्ये इंजिन.”

“हिचं इंजिन संपलेलं नाही. तेल चुकलंय. मला पंधरा दिवस द्या.”

कोंडाजींचा विश्वास बसला नाही, पण मला भंगारात घालायला त्यांचे मनही तयार नव्हते. त्यांनी मला भिमाजींच्या गॅरेजात पोचवले. गॅरेजातली पहिली गाडी मी. माझे आतडे न् आतडे भिमाजींनी रॉकेलने धुतले. मग त्यांनी कारखान्यात नाजूक यंत्रांना वापरत असत तसले स्वच्छ, पातळ, वीस नंबरचे तेल भरले. जाड तेलाने बिघडली तर पातळ तेलाने सुधारेल, असा त्यांचा हिशेब. शेडमध्ये मी अशी गुणगुणले की मंगलाबाई चहा घेऊन आल्या त्या ऐकतच उभ्या राहिल्या. मला मात्र आतून भीती वाटत होती.

मे महिन्यात सिन्नरच्या एका लग्नाची फुले कोंडाजींकडे होती. भिमाजी म्हणाले, हिच्यातूनच नेऊ. मोहदरी घाट चढली तर चार लोक बघतील. कोंडाजी तयार झाले. डिकीत गुलाब आणि मोगरा भरून आम्ही भर दुपारी निघालो, भिमाजी चालवायला आणि कोंडाजी शेजारी. शिंदे गावापर्यंत मी जुन्या दिमाखात आले. घाटात मात्र ते पातळ तेल तापून पाण्यासारखे झाले आणि निम्म्या चढावर, तेलाचा दाब पडला की लागतो तो माझा लाल दिवा लागला. भिमाजींनी त्याच क्षणी किल्ली फिरवून मला बंद केले. आणखी अर्धा मैल रेटले असते तर मी आज तुमच्याशी बोलत नसते.

घाटात गाडी बंद पडली की लोक पाणी घेऊन धावतात. एका ट्रकचे ड्रायव्हर सहादू डबा घेऊन आले. कोंडाजींनी तो घेतला आणि माझ्या तापलेल्या इंजिनावर रिकामा करायला वाकले. भिमाजींनी दोन्ही हातांनी त्यांचे मनगट धरले.

“तात्या, नको. तापलेलं लोखंड तडकेल.”

“मंग करू काय? फुलं चाललीत माझी. लगीन थांबायचं नाय.”

“पाणी फुलांवर मारा. गोणपाट भिजवून डिकीत टाका. हिला आपोआप निवू द्या.”

मग भिमाजी जे बोलले ते मी विसरणार नाही. आजूबाजूला चार ट्रकवाले उभे होते, सिन्नरची एस.टी. थांबून माणसे खिडक्यांतून बघत होती. त्यांचे गॅरेज चालायचे तर हीच माणसे येणार होती. ते म्हणाले, “चूक गाडीची नाही. तेल मी निवडलं आणि मीच चुकलो. कारखान्यातलं तेल मी हिला घातलं, हिला काय लागतं ते विचारलंच नाही.” कोंडाजी खाली रस्त्याकडे पाहत राहिले.

इंजिन निवेपर्यंत करायला काही नव्हते. भिमाजींनी चिंधी घेतली आणि माझे झाकण पुसायला लागले. गॅरेजात त्यांनी इंजिन धुतले होते, झाकणाची आतली बाजू राहून गेली होती. मळाचा पहिला थर गेला, दुसरा गेला, आणि खालून पांढरा रंग दिसला. त्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला. ‘थंडीत ३०, उन्हात ४०’.

कोंडाजी तिथेच दगडावर बसले. “निवृत्ती म्हणला व्हता,” ते हळूच म्हणाले. “धा वर्सं झाली. झाकणावर लिवलंय म्हणला व्हता. म्या ऐकलंच नाय.” त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना.

सहादूंनी आकडे वाचले. “चाळीसच ना? माझ्या ट्रकला तेच लागतं. डबा हाय ना गाडीत.” ते डबा घेऊन आले. भिमाजींनी पातळ तेल खाली सोडले, चाळीसचे भरले, आणि किल्ली फिरवण्याआधी माझ्या झाकणावर हात ठेवून क्षणभर थांबले. निवृत्तीही असाच थांबत असे. मग किल्ली फिरली, लाल दिवा लागला आणि इंजिन सुरू होताच विझला. मी घाट चढले. फारशी घाई न करता, पण एकदाही न थांबता चढले. सिन्नरला वऱ्हाड दारात यायच्या आधी फुले मांडवात होती आणि मोगरा अजून ओला होता.

पुढच्या सोमवारी अंबडच्या शेडसमोर सहादूंचा ट्रक येऊन उभा राहिला. मंगलाबाईंनी विचारले, घाटात बंद पडलेली गाडी बघूनही इकडे कसे आलात? सहादू म्हणाले, “वहिनी, आमच्या मिस्त्रीनं आजवर एकदा बी सोताची चूक सांगितली नाय. दर टायमाला गाडीचीच निघती.” त्यांच्या मागून एस.टी.च्या एका मेकॅनिकची मोटारसायकल आली, मग सिन्नरच्या डॉक्टरांची गाडी. पावसाळा आला तेव्हा शेड मोडायचा विषय घरात कुणी काढला नाही. पत्रे मात्र गळत होते, ते भिमाजींनी बदलून घेतले.

याला पाच वर्षे झाली. मी अजून फुले वाहते. कोंडाजींना आता नीट दिसत नाही, म्हणून ते शेजारच्या सीटवर बसतात आणि त्यांची मुलगी चांगुणा मला चालवते. गोटीरामांची बैलगाडी कधीतरी रस्त्यात भेटते, तेव्हा मी मुद्दाम जरा जोरात जाते.

मित्रांनो, तुमच्या घरी जुने यंत्र असेल, जुनी सायकल, शिलाईची मशीन, काहीही असेल, तर ते थकले असे ठरवण्याआधी एकदा त्याचे झाकण उघडा. ज्याने ते पूर्वी सांभाळले त्याने काहीतरी लिहून ठेवलेले असते, किंवा जाताना सांगितलेले असते. शेजाऱ्याच्या यंत्राला चालते ते आपल्या यंत्रालाही चालेल असे धरून चालू नका. आणि चुकलात तर घाटात उभे राहून सांगा, लाजू नका.

परवा पुन्हा थंडी पडू लागली, तेव्हा भिमाजी तीसचा डबा घेऊन आले. मागच्या झाकणावर निवृत्तीची अक्षरे तशीच आहेत, त्यावर दुसरा रंग भिमाजी कुणाला लावू देत नाहीत. आकडे त्यांना पाठ आहेत. तरीही त्यांनी चिंधीने झाकण पुसले, चष्मा लावला आणि कोंडाजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते वाचले. या वेळी कोंडाजी लक्ष देऊन ऐकत होते.