एकदाच वाजणारी टेप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. खोकी बंद करायची चिकटपट्टी नव्हे आणि शिंप्याच्या गळ्यातली मापाची टेपही नव्हे. मी गाण्याची टेप. तुम्ही फार तर कॅसेट पाहिली असेल. ती माझी धाकटी चुलत बहीण, खिशात मावणारी आणि जरा उथळच. मी जेवणाच्या ताटाएवढ्या रिळावर गुंडाळलेली असते. माझ्या अंगावर तपकिरी भुकटीचा लेप असतो आणि सगळा आवाज त्या लेपात राहतो. लेप गेला की आवाज गेला. एवढे लक्षात ठेवा, कारण माझा सगळा जीव त्या लेपावर टांगलेला आहे.

कारखान्यात मी एका रुंद पट्ट्याचा भाग होते. धारदार पात्यांनी आम्हाला उभे चिरले, रिळांवर गुंडाळले आणि डब्यांत घातले. माझा डबा एका स्टुडिओच्या कपाटात आला आणि तिथे माझ्या नशिबी एक जॅम बँड लागला.

जॅम बँड म्हणजे काय? ठरलेले गाणे सुरू करायचे आणि मग एकमेकांचे ऐकत, सुचेल तसे, सुचेल तितके वाढवत न्यायचे. आज वाजवले तसे उद्या वाजवायचे नाही, हा त्यांचा नेम. हे चौघे होते. गिटार वाजवणारा धाकटा, त्याची थोरली बहीण ताई, ताईचा नवरा म्हणजे ड्रमवाले भावजी, आणि ऑर्गन वाजवणारे मास्तर. मास्तर दिवसा खरोखरच शाळेत गणित शिकवत. स्टेजवर यांचे शेवटचे गाणे सुरू झाले की माहीतगार लोक आधीच खाऊनपिऊन घेत.

लोक यायचे ते धाकट्यासाठी. तो डोळे मिटून गिटार वाजवू लागला की पोरे खुर्च्यांवर चढत. ताई मागे, ड्रमच्या शेजारी उभी राहून बेस गिटार, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवी. ते वाद्यच असे, की वाजत असते तेव्हा कोणाच्या ध्यानात येत नाही आणि थांबले तर सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखे होते. ऐकणारे गर्दीत उभे राहून कॅसेटवर कार्यक्रम उतरवून घेत. त्या कॅसेटांत धाकट्याची गिटार असे, शिट्ट्या असत, कोणाचा तरी खोकलाही असे. ताई मात्र नसे.

अखेर त्यांनी स्टुडिओत अल्बम करायचे ठरवले. स्टुडिओ एकाच दिवसापुरता मिळाला होता आणि कपाटात कोरी टेप उरली होती ती एकटी मी. रेकॉर्डिस्टने मला यंत्रावर चढवले आणि काचेआडून बजावले, "हे रीळ फिरतंय तोवर तुमचं राज्य. संपलं की संपलं."

"गाणं म्हणजे काय नळाचं पाणी आहे, वेळ झाली की जायला?" धाकटा फणकारला.

मला त्याचा रागच आला. पण ते वाजवायला लागले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मित्रांनो, त्या दिवशी ते चौघे जसे वाजले तसे स्टेजवर कधीच वाजले नसतील, असे मी छातीठोकपणे सांगते. समोर गर्दी नव्हती, शिट्ट्या नव्हत्या. कोणाला खूश करायचे नव्हते, म्हणून ते एकमेकांचे ऐकत होते. दुसऱ्या गाण्यात भावजींनी काठ्या बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी ड्रम वाजवला. एका गाण्यात धाकटा बराच वेळ चक्क गप्प राहिला आणि मास्तर आणि ताई दोघेच वाजवत राहिले. माणसे न भांडता किती बोलू शकतात ते मला तेव्हा कळले.

मग शेवटचे गाणे आले. स्टेजवर ते संपता संपत नसे. इथे डाव्या रिळावर मी बोटभर उरले होते आणि दर फेऱ्याला कमी होत होते. रेकॉर्डिस्टने काचेवर टकटक केले. धाकट्याचे डोळे मिटलेले. भावजी आणि मास्तर त्याच्याकडे पाहत होते. काचेकडे तोंड होते एकट्या ताईचे. तिने माझ्याकडे पाहिले. तिला कळले. मी तर घाबरून गेले होते. मधेच संपले तर गाण्याचे मुंडके उडणार होते.

ताईने कोणाला हाक मारली नाही की खूण केली नाही. ती वाजवता वाजवता एकेक सूर खाली उतरत आली आणि अगदी खालच्या सुरावर पाय रोवून उभी राहिली. आधी भावजींनी ओळखले, मग मास्तरांनी. धाकटा अजून लांबच भटकत होता. ताई हलली नाही. तोच सूर, पुन्हा तोच. आणि धाकटा वळला, मूळ चालीवर आला, चौघे एकदम थांबले. शेवटचा सूर विरतो न विरतो तोच माझे टोक रिळावरून सुटले आणि फडफडू लागले.

धाकट्याने डोळे उघडले. "कुणी थांबवलं? मी आत्ता कुठे सुरू होत होतो!"

"ताईंनी वेळेत आणलं म्हणून बरं," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

धाकट्याने त्यातले 'ताईंनी' तेवढेच ऐकले. बहिणीने आपले गाणे कापले, अशी अढी त्याच्या मनात बसली आणि ताईने कितीदा सांगितले तरी ती निघेना.

पुढे माझ्यावरून तबकड्या काढल्या. तबकडीवर आवाजाचे बारीक चर असतात. खालचे सूर रुंद चर मागतात, आणि गाणी लांब असल्यामुळे तेवढी जागा नव्हती. मग तबकडीवाल्यांनी काय करावे? त्यांनी खालचे सूर पातळ करून टाकले. ताई पुसली गेली. पाया काढून घेतलेल्या घरासारखी ती गाणी लटपटत बाजारात आली. 'स्टेजवरचा वाघ स्टुडिओत मांजर झाला,' असे एकाने छापले आणि मग सगळे तेच म्हणू लागले. धाकटाही म्हणायचा, "तो अल्बम म्हणजे आम्ही नव्हेच."

काम झाल्यावर मला भावजींकडे दिले होते. त्यांनी मला तबकडीच्या यंत्राखालच्या कपाटात ठेवले. दाराआडून मी एकदा ऐकले. ताईने तबकडी लावली, पूर्ण ऐकली, उचलून कव्हरात घातली.

"मी यात नाहीच आहे," ती भावजींना म्हणाली.

मी तिथेच होते, तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, आणि माझ्यात ती पुरती होती. पण टेपला तोंड नसते. मला फार वाईट वाटले.

वर्षे गेली. बँड मोडला. भावजी वारले, मास्तर मुलाकडे दूरगावी राहायला गेले. कपाटामागे न्हाणीघराची भिंत होती. तिची ओल माझ्या अंगात मुरली, माझा लेप चिकट झाला आणि माझेच वेढे एकमेकांना धरून बसले. तिकडे ताईला अर्धांगाचा झटका आला. बोलणे परतले, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. तिची लेक दातांची डॉक्टर. ती संध्याकाळी येऊन आईजवळ बसे.

"आई, एखादं गाणं लावू?"

"नको. तुझ्या मामाची गिटार खूप ऐकली मी."

"मग तुझं काहीतरी लावते."

"माझं कुठंय काय, लावायला? वाजवत होते म्हणे मी. आता हातही नाही, साक्षीला."

ओले कपाट रिकामे करताना मी त्या लेकीच्या हाती लागले. तिने मला उचलून थेट रेडिओवाल्या काकांकडे नेले. हे काका पूर्वी रेडिओच्या टेपखोलीत होते. स्वभावाने निराशावादी, पण हात हलका. त्यांनी माझा एक वेढा सोडवला. चर्र झाले. त्यांनी तोंड वाकडे केले.

"हिला भाजावं लागेल," ते म्हणाले.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! लेकीचीही तीच झाली.

"म्हणजे मंद आचेवर शेकायचं, फळं सुकवायच्या यंत्रात. ओल जाते, चिकटपणा सुटतो. मग एकदा वाजेल. वाजता वाजता कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. दुसऱ्यांदाचं मला विचारू नका. पहिल्यांदाचंही छातीवर हात ठेवून सांगत नाही."

"एकदा पुरे," लेक म्हणाली. "पण ते आई समोर असताना."

"बिघडलं तर त्यांच्यासमोर बिघडेल."

"ती आल्याशिवाय राहणार नाही आता. मी तिला सांगून बसलेय."

सफरचंदाच्या फोडींच्या जागी मला ठेवले. मी शेकले गेले, निवले आणि एका दुपारी यंत्रावर चढले. धूळ नको म्हणून खिडक्या बंद होत्या. खुर्चीत ताई बसली होती, तिच्यामागे लेक उभी. दारापाशी धाकटाही होता, पार पिकलेला. भाचीने बोलावले म्हणून आला होता. चेहरा मात्र कडू औषध घेतल्यासारखा.

काकांनी बटण दाबले. पहिलाच सूर आला तो खालून आला. टेबलावरचा पेला थरथरला.

"अहो, बेस केवढा आहे हा!" काका म्हणाले.

ताईने डोळेच मिटून घेतले. धाकटा मात्र दारापासून दोन पावले आत आला.

दर दोन गाण्यांच्या मधे माझ्यात कोऱ्या पांढऱ्या पट्टीचा तुकडा जोडलेला आहे. तिच्यावर लेप नसतो, म्हणून तिथे थांबता येते. तिथे थांबून काका यंत्राचे हेड, म्हणजे ज्याला घासून मी वाजते तो भाग, कापसाने पुसत. लेकीने दवाखान्यातले कापसाचे बोळे आणले होते. प्रत्येक बोळा तपकिरी होऊन निघे. तो माझाच लेप होता. मी वाजत होते आणि वाजता वाजता संपत होते.

शेवटच्या गाण्याच्या मध्यावर मी किंचाळू लागले. आवाज झाकोळला. गिटार कोणी गोधडीखाली कोंबल्यासारखी झाली.

काकांचा हात बटणावर गेला आणि तिथेच अडला. "हेड माखलंय. आधी वरचे सूर जातात. गिटार जातेय तुमची."

"मग थांबवा, पुसा ना!" लेक म्हणाली.

"इथं पांढरी पट्टी नाही. थांबवली आणि हेडला चिकटली, तर पुढचं सगळं सोलून निघेल. नाही थांबवली तर गिटार आणखी बुजेल." काका धाकट्याकडे वळले. "गिटार तुमची आहे. बोला लवकर."

मी फिरतच होते. माझ्यात ताईचा उतार जवळ येत होता. थांबले असते तर तोच पहिल्यांदा फाटला असता, आणि हे त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होते. जन्मभर ज्याची वाहवा झाली त्या माणसाच्या तोंडाकडे मी पाहत होते.

"गिटार जाऊ द्या," धाकटा म्हणाला. "चालू ठेवा."

गिटार विझत गेली आणि तिच्याखालून ताई वर आली. एकेक सूर उतरत, न डगमगता, खालच्या सुरावर येऊन थांबली. तोच सूर, पुन्हा तोच. लांब कुठेतरी अंधूक गिटार भटकत होती. मग ती आपली आपण वळली.

"मी वळलो," धाकटा पुटपुटला. "कुणी कापलं नव्हतं. मीच वळलो की!"

"मग मी काय सांगत होते?" ताई म्हणाली. "पण तू ऐकशील तर ना."

माझे टोक सुटले, फडफडले. काकांनी यंत्र बंद केले. कॉम्प्युटरवर सगळे उतरले आहे की नाही हे त्यांनी पुन्हा पुन्हा तपासले, मग कपाळ पुसले. लेक आईकडे पाहत होती. ताईचे ओठ हलले.

"तिसऱ्या गाण्यात मी चुकलेय."

"काय?" धाकटा पुढे झाला.

"मास्तर वरच्या सुरावर गेले आणि मी जुन्याच जागी राहिले. ढळढळीत चूक आहे." ती हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. "ऐकू येतेय रे! माझी चूकसुद्धा ऐकू येतेय!"

धाकटा खाली बसला आणि त्याने तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. "हो ताई. ऐकली मी."

मित्रांनो, आता मी पुन्हा वाजणार नाही. नव्या, कोरड्या डब्यात पडून असते. माझ्यावरून काढलेली प्रत जुन्या ऐकणाऱ्यांपर्यंत पोचली आहे. मांजर म्हणणारे आता वाघीण म्हणू लागले आहेत. लोकांचे काय, जिकडे वारा तिकडे पाठ. काहींची तक्रार आहे की शेवटच्या गाण्यात गिटार बुजली आहे, ती नीट करून घ्या. धाकटा सगळ्यांना सांगतो, "ती आहे तशी राहू द्या." आणि ताई तिसरेच गाणे पुन्हा पुन्हा लावते. चूक आली की "ही बघ, ही बघ" म्हणून लेकीला दाखवते.

माझे एक मागणे आहे. घरातल्या जुन्या टेपा ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवा, अधूनमधून त्यांना हवा दाखवा. पण त्याहून मोठे मागणे वेगळेच आहे. तुमच्या घरातही कोणीतरी मागे उभे राहून सगळ्यांना तालावर धरून ठेवत असेल. त्या माणसाला ऐकायला टेप लागत नाही, यंत्र लागत नाही, काही भाजावे लागत नाही. नुसते शेजारी जाऊन बसा आणि त्याचे हात चालताहेत तोवर ऐका.