डोमाजीनं गुंफलेली तार

"तार गुंफता येते मले," डोमाजी म्हणाला, आणि आम्ही सगळे फिदीफिदी हसलो.

सत्तावन्न सालचा हंगाम. अकोल्यातल्या आमच्या जिनिंग-प्रेसमध्ये कापसाच्या दाबलेल्या गाठी उचलायची पोलादी तार तुटली होती. दुसरी मुंबईहून यायला आठ दिवस. बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग स्टेशनापर्यंत. आणि हा रोजंदारीवरचा हमाल म्हणतो, मी जोडतो!

मोठ्या लढाईत आपण दर्यावर होतो, असं तो दोन वर्षं सांगत होता. वऱ्हाडातला माणूस अन् दर्या! मी तिथला कारकून. थापाड्या हे नाव त्याला मीच ठेवलं होतं.

मॅनेजर भगवंतराव वैतागलेले. "जोड बापा! टिकली तं उद्यापासून कायम. नाई टिकली तं फाटकाबाहेर!"

डोमाजीच्या बायकोला, दुर्गाबाईला, सातवा महिना होता. तो कामाला बसला.

सळईनं तारेचे पदर उकलायचे, एकातून एक ओवायचे. बोटं रक्ताळली. मी डिवचलं, "काय गा, जहाजावर कापूस पिंजत होता काय?"

"जहाज लहानसंच होतं, बाबू. चाळीस माणसं. दुश्मन बंदरापाशी पाण्यात सुरुंग सोडे. आमी मांगं लांब तार ओढत पाणी झाडत जावो. सुरुंगाची साखळी तारेनं कटे, सुरुंग वर आला का बंदुकीनं फोडायचा. मंग मोठी जहाजं आत येत. आमी सदा पुढं." त्यानं एक पदर ओवून घट्ट ओढला. "तार तुटली तं पाय घेऊन जाय. म्हणून आमची रीत होती. ज्यानं गुंफली, त्यानंच पहिल्या ओढीले जवळ उभं राह्यचं."

दुपारी तार चढवली. तिला कापसाची एक गाठ अडकवली. डोमाजी सरळ तिच्याखाली जाऊन उभा राहिला.

"अबे हट! मरतं काय?" भगवंतराव ओरडले.

"राहू द्या साहेब. ओढा."

तार कुरकुरली, ताणली. चार-पाच मणांची गाठ त्याच्या डोक्यावरून वर गेली आणि थांबली. एक पदर सुटला नाही. हमालांनी अशी आरोळी ठोकली की बाहेरचे बैल बिचकले.

"कायम!" भगवंतरावांनी त्याची पाठ थोपटली.

मला माझीच लाज वाटली. दोन वर्षांत एक साधी गोष्ट मी विचारली नव्हती.

"डोमाजी, तुमच्या जहाजाचं नाव काय होतं?"

"एवढ्याशा जहाजाले नाव कुठचं, बाबूसाहेब? नंबर होता."

अंगावरचा कापूस झटकून, टाचा जुळवून त्यानं तो नंबर खणखणीत सांगितला. सगळा जिन ऐकत उभा होता.