चौदा महिन्यांचं पेट्रोल

मी रूपालीच्या होडीची मोटर बोलतेय. आवाज माझा फटफटा आहे, अंगाला पेट्रोलचा वास आहे, आणि स्वभावानं मी क्षमा करणारी नाही. हे आधीच सांगून ठेवते.

धरणाच्या फुगवट्याकाठी आमचं गाव. इथल्या मच्छीमार सोसायटीनं सभासदांसाठी पाच छोट्या मोटरी आणल्या. त्यांतली मी धोंडिबांच्या वाट्याला आले. धोंडिबा हळू बोलणारा माणूस होता. उन्हाळ्यात पाणी आत गेलं, मासेमारी थांबली, की ते मला अंगणात आणायचे. टाकी रिकामी करायचे. मग पाण्याच्या पिंपात माझा पंख्याचा पाय बुडवून, पोटातलं उरलंसुरलं पेट्रोल जळून मी आपोआप गप्प होईपर्यंत चालवायचे. त्यांची लेक रूपाली शेजारी बसून बघायची.

"आण्णा, एवढं कशाला?"

"पेट्रोल पडून राहिलं की चिकट होतं बाई. मग हिचा गळा बसतो."

धोंडिबा गेले आणि रूपालीनं होडी हातात घेतली. तिची आई भामाबाई काठावर जाळी विणायची आणि लेक पाण्यात दिसेनाशी झाली की उभी राहायची. दोन वर्षं आमचं बरं चाललं.

मग रूपालीनं भर सभेत एक प्रश्न विचारला. सोसायटीचे चेअरमन काकासाहेब. सगळ्यांनी मासळी त्यांच्या पुतण्यालाच घालायची, असा त्यांचा दंडक. रूपाली उठली आणि म्हणाली, "काकासाहेब, घरी दहा किलो भरलेली रोहू तुमच्या पुतण्याच्या काट्यावर साडेआठ कशी भरती?"

दुसऱ्या दिवशी काकासाहेब दोन माणसं घेऊन आमच्या दारात.

"मोटर सोसायटीची हाय. जमा करायची."

"घेऊन जा," रूपाली म्हणाली. "पण टाकी भरलेली हाय. पेट्रोल तेवढं काढू द्या, नायतर आतून खराब होईल."

"तू आता मला शिकवती व्हय?"

मला तसंच उचललं, सोसायटीच्या पत्र्याच्या गोदामात टाकलं आणि बाहेरून कुलूप लावलं.

चौदा महिने! तुम्हाला कुणी तोंडात घास कोंबून चौदा महिने कोंडलंय का? उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पेट्रोलमधलं हलकं ते उडून जायचं आणि जड ते माझ्या कार्बोरेटरच्या तळाशी बसायचं. पावसाळ्यात ओल शिरायची. जेट म्हणजे माझी श्वासनळी, शिवणाच्या सुईएवढ्या छिद्राची. ते छिद्र रोज थोडं थोडं बुजत गेलं. पत्र्याच्या फटीतून मला रूपाली वल्ही मारत जाताना दिसायची. वारा समोरून असला की दोन तास लागायचे तिला जाळ्यापर्यंत. तळहाताला चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या. त्या प्रत्येक सकाळी मी काकासाहेबांचं नाव घोकलं.

अखेर कुलूप निघालं. सोसायटीचा मासेमारीचा ठेका पुढं चालू ठेवायचा की नाही हे ठरवायला मत्स्यखात्याचे एक साहेब तपासणीला येणार होते, आणि त्यांना पाण्यातले मासळीचे पिंजरे दाखवायचे होते. काकासाहेबांनी जुन्या पेट्रोलवरच नवं ओतलं आणि मला होडीला लावलं. चोक ओढून, वीस-बावीस वेळा दोरी खेचून मी कशीबशी पेटले. खोकत, धूर काढत पिंजऱ्यांच्या पुढपर्यंत नेलं त्यांना. तिथं तळाचा चिकटा सुटला, जेटवर जाऊन बसला आणि मी बंद पडले.

पुन्हा दोरी. पुन्हा. काकासाहेबांच्या पांढऱ्या शर्टाला पाठीवर घामाचा नकाशा उमटला. वाऱ्यानं होडी वेड्या बाभळींच्या खुंटांत नेऊन अडकवली. साहेबांची पँट काट्यात फाटली. दीड तासानं दुसऱ्या होडीवाल्यांनी आम्हाला ओढून काठाला आणलं तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला लई बरं वाटलं.

पण काकासाहेब काठावर उतरले ते बोट रोखूनच. "हिनं! धोंडिबाच्या पोरीनं मोटर देताना टाकीत साखर टाकली!"

रविवारी सभा बोलावली. विषय एकच : रूपालीचं सभासदत्व रद्द. सभासदत्व गेलं म्हणजे पाण्यात जाळं टाकायचा हक्क गेला. घरी मग दोघी मायलेकी आणि रिकामी चूल. भामाबाई दोन दिवस जेवली नाही. रूपालीनं मात्र शहरात उस्मानपुऱ्यातल्या वाजेदभाईंना फोन केला. पाण्याचे पंप, फवारणी यंत्रं, जनरेटर, सगळ्याचे मिस्त्री.

सभेत तीस माणसं. मला टेबलावर आडवं ठेवलेलं.

"ठराव घेण्याआधी हिला सगळ्यांसमोर उघडा," रूपाली म्हणाली. "साखर निघाली तर मी आपण होऊन जाते."

वाजेदभाईंनी आधी प्लग काढला, लोखंडाला टेकवला, दोरी ओढली. निळी ठिणगी. "चिंगारी बराबर है." नळी सोडली. पेट्रोल आलं. "ये भी आरा. मतलब बीमारी कार्बोरेटर में है." त्यांनी खालचा स्क्रू फिरवून वाटी काढली आणि पांढऱ्या बशीत पालथी केली. गुळाच्या काकवीसारखं काळपट, आंबूस वासाचं काहीतरी ओघळलं. पितळेवर हिरवा कळंक. आतला तरंगता फ्लोट जागीच चिकटलेला.

"साखरेचा पाक!" काकासाहेब ओरडले.

वाजेदभाई हसले. "शक्कर पेट्रोल में घुलती नै साब." त्यांनी चहावाल्याकडून चमचाभर साखर मागवली, काचेच्या ग्लासात पेट्रोल घेऊन त्यात टाकली आणि ढवळत राहिले. दाणे तळाशी जसेच्या तसे. मग रूपालीनं आपली पांढरी ओढणी धरली आणि माझी अख्खी टाकी तिच्यातून गाळली. एक दाणा निघाला नाही.

"ये पुराना पेट्रोल सूख के गोंद बना. बंद रखने से पहले खाली कायकू नै करे?"

रूपाली सेक्रेटरींकडं वळली. "सोमनाथदादा, गोदामाची चावी कुणाकडं होती?"

सोमनाथनं सभेची वही मिटली. "काकासाहेबांकडं."

म्हातारे पुंजाराम उठले. "झालं ते झालं, पोरी. वयानं मोठे हायेत. सोड आता."

"नाय सोडत, आबा. ज्या तोंडानं साखर म्हणले, त्याच तोंडानं म्हणू द्या की मी खोटं बोललो. तेवढ्याच मोठ्यानं."

काकासाहेब पुटपुटले.

"ऐकू नाय आलं."

दुसऱ्यांदा ते मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. तरी रूपाली बसली नाही. तिनं बाहेरून पुतण्याचा काटा उचलून आणवला. त्यावर रिकामी बादली ठेवून आकडा शून्यावर आणला आणि मापानं दहा लिटर, म्हणजे दहा किलो, पाणी ओतलं. आकडा साडेआठवर थांबला. मग मात्र तीस माणसं एकदम बोलू लागली. वर्षानुवर्षांची मासळी प्रत्येकाला आठवत होती. अंधार पडायच्या आत काकासाहेब चेअरमन राहिले नव्हते.

त्या गोंधळात रूपाली माझ्याजवळ येऊन बसली. वाजेदभाई सांगत गेले, ती करत गेली. स्टीलची सुई नको, छिद्र मोठं होईल. वायरीतली तांब्याची एक बारीक तार घे. तिनं जेट मोकळा केला, उजेडाकडं धरून आरपार बघितलं, फुंकर मारली. फ्लोट धुतला, नवं पेट्रोल घातलं. पिंपात उभी केल्यावर दुसऱ्याच ओढीला मी अशी ओरडले की सभा थांबली.

आता मी परत तिच्या होडीवर आहे. ज्यांच्या घरात माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात पडलंय, पंप असो, फवारा असो, त्यांना एवढंच सांगते : ठेवायच्या आधी पोट रिकामं करा. दहा मिनिटांचं काम आहे. नाही केलं तर आम्ही भांडत नाही, तुमच्या अडचणीच्या दिवसाची वाट बघतो.

काकासाहेबांचा बंगला पाण्याच्या अगदी कडेला आहे. आमच्या जाळ्यांची वाट तिकडून नाही, पुष्कळ लांबून जाते. तरी रोज सकाळी, ते ओट्यावर चहा घेऊन बसले की रूपाली होडी वळवते आणि त्यांच्यासमोरून नेते. पहिल्या आठवड्यात ते आत निघून जायचे. आता नुसते कपाकडं बघत बसतात.

"बास की गं आता," भामाबाई म्हणते. "किती पेट्रोल जाळशील त्या माणसापायी?"

"जळू दे," रूपाली म्हणते, आणि माझी मूठ पुरी फिरवते.