प्रॉम्प्टरनं दिलेली ऑडिशन

एकोणीस वर्षं मी आमच्या हौशी नाटकमंडळाची प्रॉम्प्टर आहे. म्हणजे विंगेत स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर घ्यायची आणि स्टेजवर कुणाची गाडी अडली की पुढचं वाक्य हळूच सरकवायचं. प्रेक्षकांना मी दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. ऐकू आलेच, तर ते माझं अपयश. मंडळात मला सगळे ‘तोंडपाठ’ म्हणतात. पहिली काही वर्षं मला ते कौतुक वाटायचं.

एरवी माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. आसपासच्या निम्म्या लोकांच्या कमरा कधी आणि किती वाढल्या ते मला ठाऊक असतं, आणि आमच्या नटांपैकी कोण कुठल्या वाक्याला अडखळणार तेही. दोन्हीबद्दल मी तोंड उघडत नाही. स्वभावानं मी तशी तापट आहे, पण इतकी वर्षं कुजबुजण्यात गेली की माणसाला रागही हळू आवाजातच येतो.

यंदा सरांनी स्वतःच नाटक लिहिलं. सर म्हणजे आमचे दिग्दर्शक, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. नाटकात मुख्य माणसं दोनच. बस डेपोत हरवलेल्या वस्तूंची एक खिडकी असते, तिथे पन्नाशीची एक बाई बसते. एक गृहस्थ दर सोमवारी येऊन तिला विचारतो, “माझी छत्री सापडली का?” अशी कुठलीही छत्री हरवलेली नाही, हे बाईला दुसऱ्याच सोमवारी कळतं. तरी ती दर वेळी रजिस्टर उघडते आणि बोट फिरवत शोधते. बस, एवढंच नाटक. प्रती काढायचं काम माझ्याकडे होतं. एक प्रत दुकानात बसून वाचली आणि एका पँटची तुरपाई दोनदा उसवावी लागली. ही बाई मला करायची होती.

मी कुणालाही काही बोलले नाही. ऑडिशनच्या यादीत माझं नाव सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात लिहून टाकलं. वर आणखी तीन नावं होती. पहिलं अर्थातच वन्संचं.

वन्सं म्हणजे माझी नणंद. दातांच्या डॉक्टर आहेत. दिवसभर लोक त्यांच्यापुढे तोंड उघडून गप्प पडलेले असतात, त्यामुळे आपलं बोलणं सगळ्यांना आवडतं अशी त्यांची ठाम समजूत आहे. पण खोटं कशाला बोलू, स्टेजवर त्या छान दिसतात, आवाज खणखणीत आहे, आणि गेली दहा वर्षं नायिका त्याच करतात.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, रविवारची दुपार. आमच्याकडे ऑडिशनचा एक नियम आहे. निकाल लगेच, सगळ्यांसमोर आणि एका वाक्यात. सर म्हणतात, माणसाला आठवडाभर लटकत ठेवण्यापेक्षा ते बरं. छत्रीवाल्याचं काम औषधवाल्यांकडे आधीच पक्कं होतं. त्यांचं चौकात औषधांचं दुकान आहे. चांगले नट आहेत, फक्त पाठांतराच्या नावानं बोंब, आणि पॉज घ्यायचा भारी सोस. त्यांच्या एका पॉजमध्ये आपला चहा करून होतो.

सवयीनं मी स्टुलावर बसलेच. वन्सं आल्या, पहिली दोन पानं झकास केली आणि तिसऱ्यावर थांबल्या. मी वाक्य दिलं. क्षणात त्या पुढे निघाल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोय. पुढच्या पानावर त्या पुन्हा थांबल्या आणि मी पुन्हा वाक्य दिलं. हात जसा आपसूक डोकं खाजवतो, तसं ते तोंडातून जातं.

उरलेल्या दोघी झाल्यावर सरांनी यादी नाकाजवळ धरली. “तोंडपाठ, इथे तुमचं नाव लिहिलंय कुणीतरी.”

“मीच लिहिलंय.”

खुर्च्यांमध्ये जरा चुळबुळ झाली. वन्सं म्हणाल्या, “वहिनी, अहो, आधी सांगायचंत तरी.” सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हे मी विचारलं नाही.

टेबलामागे जाऊन मी रजिस्टर म्हणून ठेवलेली वही उघडली. औषधवाले आले. “नमस्कार,” म्हणाले. मी मान हलवली. आता त्यांचं वाक्य होतं, आणि त्यांनी पॉज घेतला. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, खिसा चाचपला, घसा साफ केला. आणि मी, समोर बसलेली ही शहाणी बाई, वर न बघता पुटपुटले, “माझी छत्री सापडली का?”

हॉलभर हशा पिकला. औषधवाले दुखावल्या चेहऱ्यानं म्हणाले, “मला येत होतं हो ते.” माझे कान तापले. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण मी तशीच पुढे गेले, उरलेली तीन पानं केली आणि वही मिटली.

सरांनी दातात धरलेली पेन्सिल काढली. मग म्हणाले, “खिडकीतल्या बाईचं काम तोंडपाठ करतील, कारण समोरचा काय विचारणार हे ठाऊक असूनही वही उघडणारी बाई मला आज पहिल्यांदा दिसली.”

मला ते नीट ऐकूच आलं नाही. शेजारणीनं कोपरानं ढोसलं तेव्हा कळलं.

वन्संचा चेहरा उतरला. लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही, आणि त्यासाठी त्या मला त्या दिवशी जास्तच आवडल्या. पर्स आवरता आवरता त्यांनी मुद्द्याचं विचारलं. “मग प्रॉम्प्टिंग कोण करणार? मी नाही करणार हं, आधीच सांगते.”

औषधवाल्यांना प्रॉम्प्टरशिवाय स्टेजवर सोडणं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. एकेक जण आपापल्या चपला बघायला लागला. सरांनी चष्मा काढला. “खरं आहे. मला सुचलंच नाही. तोंडपाठ, असं करू या का, या वेळी तुम्ही नेहमीसारखं...”

त्यांचं पुढचं वाक्य मला येत होतं. तेच तर माझं काम. मी ‘बरं’ म्हणायला तोंड उघडलंही होतं.

“मी करतो,” दारातून आवाज आला.

आमचे हे उभे होते, हातात हेल्मेट घेऊन, मला न्यायला आलेले. हे लिफ्टदुरुस्तीचं काम करतात आणि नाटक पहिल्या अंकापलीकडे जागेपणी त्यांनी कधी पाहिलेलं नाही. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले तसे हे जरा गोंधळले. “लिहिलेलंच वाचायचं ना? मला वाचता येतं.”

“दादा, तू?” वन्सं म्हणाल्या आणि हसायला लागल्या. मग मीही हसले. सुटल्यासारखं वाटलं.

पुढचे दोन महिने यांनी संहिता लिफ्टच्या तपासणीसारखी हाताळली. सगळ्या पानांना रंगीत खुणा केल्या, औषधवाल्यांच्या पॉजना लाल, खऱ्या अडचणीच्या जागांना निळ्या. सुरुवातीला वाक्य इतकं मोठ्यानं द्यायचे की खालून ग्रंथपाल वर आले. मग आवाज बेतात आला. शेवटच्या पंधरा तालमींत यांचं एकही वाक्य चुकलं नाही. खोटं वाटेल, पण मला थोडा मत्सरही वाटला.

प्रयोग संध्याकाळी पाचचा होता. हॉल भरला. वन्संनी डेपोची साहेबीण केली आणि दोन प्रवेशांत एवढा हशा घेतला की त्यांचा रुसवा कुठल्या कुठे गेला. औषधवाले सहा वेळा अडले, सहाही वेळा विंगेतून वाक्य अलगद आलं. मी खिडकीत बसले होते आणि मला एकोणीस वर्षांत प्रथमच माणसांचे चेहरे समोरून दिसत होते. फार बरं वाटत होतं.

शेवटचा प्रवेश. तीन सोमवार न आलेला गृहस्थ येतो आणि म्हणतो, “छत्री सापडली.” मग बाई बोलते आणि नाटक संपतं.

औषधवाले आले. “छत्री सापडली,” म्हणाले.

आणि माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. सगळ्यांची वाक्यं पाठ असणारी मी, माझं एक वाक्य मला सापडेना. मी रजिस्टरकडे बघितलं, त्यात कोरी पानं. औषधवाले शांतपणे थांबले होते. मी मान किंचित वळवून विंगेत बघितलं.

हे स्टुलावरून उठून उभे होते. संहिता काखेत मिटलेली. तोंड अर्धवट उघडं, आणि डोळे माझ्यावर. सव्वीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्याकडे असं कधी बघितल्याचं मला आठवत नव्हतं. मदत वगैरे काही यायची नव्हती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी समोरच्या गृहस्थाकडे वळले. हा आता पुन्हा यायचा नाही, हे मनात आलं आणि मला खरंच धस्स झालं.

“मग आता सोमवारी?” मी विचारलं.

संहितेतलं वाक्यही तेच होतं. दिवे मालवले, टाळ्या झाल्या, पडदा दोनदा उघडावा लागला. सर काहीतरी बोलत होते, त्यांना तसंच सोडून मी विंगेत गेले.

“अहो, वाक्य का नाही दिलंत? मेले होते मी तिथे.”

यांनी काखेतली संहिता काढून तिच्याकडे बघितलं. “तू विसरली होतीस?”

“मग काय?”

“मला वाटलं, ती विचार करतेय काय बोलावं,” हे म्हणाले. “म्हटलं, आपण कशाला मध्ये बोला.”

मी त्यांच्या हातातून संहिता घेतली आणि तिथेच, सगळ्यांच्या समोर, मोठ्यानं रडले.