तलावानं मोजलेलं घर

शहापूरहून आत वळलं की धानाच्या बांधीच बांधी लागतात, आणि बांधी संपल्या की मातीच्या उंच पाळीमागे तलाव. या तलावाची एक गोष्ट गावात सांगतात, आणि सांगणारा प्रत्येकजण ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतो. कुणाच्या घरी कार्य निघालं की घरातल्या प्रत्येकानं मूठभर तांदूळ एकाच द्रोणात टाकायचे आणि दिवस मावळताना तो द्रोण पाण्यात सोडायचा. सकाळी पायरीवर काशाची ताटं. पाहुण्यांसाठी नाही हं, फक्त घरच्यांसाठी. ज्याचं ताट त्यालाच उचलायचं. दुसऱ्यानं हात लावला की ते जमीन धरून बसायचं. कार्य झालं की ताटं परत पाण्यात. मग एकदा कुणीतरी मोहात पडून ताट घरात दडवलं आणि तलाव रुसला, ताटं यायची थांबली. कुणी दडवलं यावरून आजही पारावर दोन पार्ट्या पडतात.

रुखमिणीबाईंना ही गोष्ट पाठ होती, पण तिच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास धानावर, पाण्यावर आणि वेळेवर चूल पेटण्यावर. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि रिकामं घर हळूहळू भरत गेलं ते भलत्याच माणसांनी. आधी आला जागेश्वर, तलावाचं पाणी बांधीबांधीत सोडणारा पाणकर. त्याची झोपडी एका पावसात बसली, तो चार दिवसांसाठी ओसरीवर झोपायला आला आणि ओसरी त्याचीच झाली. मग भैयाजी. तो तुमसरच्या एका राइस मिलमधून धान न्यायला आला, तापानं फणफणून बाईंच्या खळ्यातच आडवा झाला आणि बरा झाल्यावर जायचं विसरला. आणि हर्षा. ती आईचा पदर धरून धानाच्या रोवणीला येणाऱ्या बायांबरोबर आली होती. आई रुखमिणीबाईंच्या घरात आजारी पडून गेली. पोरीला न्यायला कुणी आलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी येऊ नये म्हणून रुखमिणीबाई कितीतरी दिवस दाराकडे डोळे लावून असत.

गाव या घराला सराय म्हणत असे. तोंडावरही म्हणत असे. रुखमिणीबाई हसून म्हणायच्या, "हो बाप्पा, सराय त सराय. तू कधी येतं राहाले?"

पण हर्षाचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा हसण्यावारी नेता येईना. मुलगा भूपेंद्र वरठीच्या कारखान्यात कामाला होता. दोघांचं आधीच जमलेलं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. त्याचे वडील केशवराव माणूस वाईट नव्हता. चहाची बशी खाली ठेवत ते अवघडून म्हणाले, "बाई, पोरगी लाखात एक आहे. मले काही नाही. पन भाऊबंद इचारून राहिले, पोरगी कोनाच्या घरची? मी काय सांगू त्यायले?"

"माह्या घरची," रुखमिणीबाई म्हणाल्या.

"चौघं चार जातीचे, चार गावचे. याले घर म्हनाचं का, असं म्हनतेत." केशवरावांनी तलावाकडे पाहिलं. त्यांची आजी याच गावची लेक होती. "माही आजी सांगे, हा तलाव घर वयखते, घरच्यायलेच ताटं देते. साक्षगंधाच्या दिवशी त्याची ताटं मांडा बाई. मंग कोनाची बिशाद नाही बोलाची. नाही त मलेच नाही म्हनाव लागंन."

ते गेले. भैयाजी बराच वेळ केशवरावांच्या नावानं बोटं मोडत होता. जागेश्वर मात्र शांतपणे म्हणाला, "इचारून पाहू. तलावासंग माहं चांगलं आहे."

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या सांजेला चौघं पाळीवर गेले. पळसाच्या द्रोणात चौघांनी आपापली मूठ रिकामी केली. बाईंना हा सगळा पोरखेळ वाटत होता, तरी त्यांनी मूठ गच्च भरून आणली होती. जागेश्वर गुडघाभर पाण्यात उतरला आणि द्रोण सोडून म्हणाला, "घरी कार्य आहे गा. देजो." द्रोण थोडा वाहत गेला, थांबला, आणि सरळ खाली गेला. बुडबुडासुद्धा आला नाही.

भैयाजी म्हणाला, "भिजला असंन."

सकाळी रुखमिणीबाई सगळ्यांच्या आधी पाळीवर पोचल्या. वारा नव्हता. बगळे काठावर उभे होते आणि एकही हलत नव्हता. पाणी पायरीपासून हातभर मागे सरलेलं होतं, जसं एखादं माणूस ओझं खाली ठेवून मागे सरतं. आणि पायरीवर ताटं होती. काशाची, कोरडी ठणठणीत, उगवतीचा उजेड जसाच्या तसा परत देणारी. बाईंनी पालथा हात जवळ नेला. ताटांतून ऊब येत होती, आत्ताच चुलीजवळून उचलून आणल्यासारखी.

बाईंचे गुडघे आपोआप टेकले. जन्मभर ज्या पाण्यात पाय बुडवून त्यांनी धानरोपांचे पऱ्हे धुतले, त्या पाण्याकडे वर मान करून बघायची त्यांची हिंमत होईना. एवढं मोठं काहीतरी इतकी वर्षं घराशेजारी पडून होतं आणि आपण त्यात कपडे धूत होतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि डोळ्यांना धार लागली.

मग त्यांनी ताटं मोजली. तीन.

मागून बाकीचे आले, आणि त्यांनीही मोजली.

"मीच होय थो," जागेश्वर पहिल्यांदा बोलला. "ओसरीवरचा मानूस. ओसरी काई घरात मोजत नाहीत."

"चूप बस गा बुढ्या," भैयाजी म्हणाला. "तू ईस सालाचा झाला इथं. मी मिलचा मानूस. मी जातो तुमसरले, मंग हिसोब बरोबर होते." आणि तो खरंच वळला.

हर्षा पायरीच्या टोकाशी उभी राहून ओढणीचा पीळ सोडत होती आणि घालत होती. तिनं तर स्वतःला कधीच वगळून टाकलं होतं, हे बाईंना तिच्या खाली घातलेल्या मानेवरून कळलं. या तलावानं माझी पोर टाकली असेल तर तो मी बुजवून टाकीन, असा भलता विचार त्यांच्या मनात आला.

"उचल," त्या ओरडल्या. "हर्षा, तू आधी उचल!"

हर्षा खाली वाकली. पहिल्या ताटाला हात लावला. ते हललं नाही. दुसरंही नाही. तिसऱ्याला तिनं नुसती बोटं लावली आणि ते अलगद तिच्या हातात आलं, एखाद्या लेकरानं कडेवर यावं तसं. भैयाजीला पहिलं उचललं. दुसरं जागेश्वरला. म्हातारा ते छातीशी धरून घळाघळा रडायला लागला.

रुखमिणीबाई आधी हसल्या. पोर घरची ठरली होती! भैयाजीचा कान धरून त्या म्हणाल्या, "जातं का आता तुमसरले?" आणि मग त्यांच्या हसऱ्या तोंडावरचं हसू जागच्या जागी थांबलं. पायरीवर चौथं काही नव्हतं.

घर त्यांचं. सातबाऱ्यावर नाव त्यांचं. चूल त्यांची.

घरी आल्यावर बाई सरळ स्वयंपाकाला लागल्या. लाखोळीची डाळ, वांगी, भात, वडे. हात चालू होते आणि आत काहीतरी सारखं टोचत होतं: मी काय कमी केलं?

दुपारी केशवराव भाऊबंदांना घेऊन आले. पाटासमोरची ताटं पाहून सगळ्यांनी अनवाणी पावलांनीच मागे सरून हात जोडले. एका काकाला राहवलं नाही. त्यानं हर्षाचं ताट उचलून पाहायला घेतलं, मग दोन्ही हात लावले, मग घाम पुसून मागे झाला. हर्षानं तेच ताट एका हातानं उचलून बाजूला ठेवलं. काकाचं तोंड त्या दिवसभर बंद राहिलं.

"झालं माहं समाधान," केशवराव हलक्या आवाजात म्हणाले. मग त्यांचं लक्ष गेलं. "बाई, तुमचं ताट?"

"मले कायले ताट लागते?" रुखमिणीबाई म्हणाल्या. "मी नंतर जेवतो. भाताच्या गंजात असते ना उरलेलं, चुलीपाशीच खाऊन घेतो. नेहमीचंच आहे."

हर्षाच्या हातातली पळी थांबली.

"माय," ती म्हणाली, "तू आमच्यासंग जेवाले कधी बसली?"

बाईंना आठवेना. नवरा होता तेव्हा तो आधी. मग हे लोक आले, त्यांना आधी. कुणी ताटावरून उपाशी उठू नये म्हणून त्या शेवटी भिंतीकडे तोंड करून भाताचा गंज पुसून खात. यात दुःख नव्हतं, रीतच होती. त्यांच्या आईची, सासूची, आळीतल्या सगळ्या बायांची.

"तलाव त जेवनाऱ्यायची ताटं देते," हर्षाचा आवाज फुटला. "त्यानं तुले कधी जेवताना पाह्यलंच नाही. आमी तरी कुठी पाह्यलं? येवढे वर्षं आमी जेवलो अन् उठलो. कोनीच नाही इचारलं, माय, तू जेवली का?"

जागेश्वरनं मान खाली घातली. भैयाजीनं तोंड फिरवून गमछ्यानं डोळे पुसले.

"माय बसल्याशिवाय साक्षगंध नाही," हर्षा म्हणाली. एवढ्या पाहुण्यांसमोर, नवऱ्या मुलासमोर. भूपेंद्रनं मुकाट्यानं आपला पाट उचलला आणि पंगतीच्या मधोमध ठेवला.

बाई नाही नाही म्हणत होत्या, पण भैयाजीनं हात धरून बसवलं. समोर पत्रावळ मांडली, कारण दुसरं काही नव्हतं. हर्षानं वाढलं: वाफाळता भात, त्यावर डाळ, वांगं, दोन वडे. इतका गरम भात आपल्या वाट्याला आल्याचं रुखमिणीबाईंना आठवेना. सगळी पंगत त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी लाजत भात कालवला, घास केला आणि तोंडात घातला.

दुसऱ्या घासाला बोटं खाली टेकली आणि थबकली. पानाखाली शेणानं सारवलेली जमीन नव्हती. काहीतरी कडक होतं, गोल होतं, आणि त्यातून ऊब येत होती. त्यांनी पत्रावळीची कड जराशी वर केली. खाली कासं लखलखत होतं.

केशवराव पाटावरून उठून उभे राहिले. बाहेर पाळीवरचे बगळे एकदम उडाले, आणि त्यांच्या पंखांची फडफड घरात ऐकू आली.

रुखमिणीबाईंनी पत्रावळीखालचं ताट दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. ते फुलासारखं आलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, डोळे पुसले नाहीत, आणि आयुष्यात पहिल्यांदा भरल्या पंगतीत मागून घेतलं.

"हर्षा," त्या म्हणाल्या, "मले अजून भात वाढ."