गीताबाईंच्या पायावरची हिरवी रेघ

पडेगावच्या शीतलबाबाकडं त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढ्यात आमच्या शेजारच्या गीताबाई बसल्या होत्या. त्यांना शुगर, त्यात अंगठ्याची जखम भरत नव्हती. बाबानं काळी चकचकीत पट्टी पावलापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळली. घोट्याच्या वर ती बघता बघता हिरवी झाली. पाऊल काळंच राहिलं. गर्दीनं हात जोडले.

"हिरवं ते विष," बाबा म्हणाला. "वर पळतंय. गुडघ्यातून बाहेर पडंल. तवर पायाला कुणी हात लावायचा नाय, त्यालाच चढंल."

काय पण शास्त्र! गीताबाईंचा मुलगा प्रणय रोज कामाला निघताना आईच्या पाया पडायचा. आता तो लांबूनच हात जोडी आणि पट्टीचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकी. काळ्या-हिरव्यामधली रेघ खरंच वर सरकत होती. दुखणंही थांबलं. रेघ पोटरीवर आली तशी घरच्यांनी गल्लीत पेढे वाटले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पेढा हातात पडला आणि माझं डोकंच फिरलं. तशीच त्यांच्या घरात गेले, गीताबाईंच्या पावलाला हात लावला. फरशीसारखं गार.

पट्टी सोडून मी कोमट चहाच्या कपाला गुंडाळली. चहा होता तिथवर हिरवी, वर काळी.

"चहाला कुठली बाधा झाली रे?" मी प्रणयला विचारलं.

मग मीच सांगितलं. पट्टीत द्रवस्फटिक असतो. पाण्यासारखा वाहणारा, पण त्याचे कण रांगेत लागलेले. ऊब मिळाली की रांग बदलते, रंग दिसतो. गार जागी काळं. ऊब सरकली की दोन्हींमधली हद्द सरकते. इथं ऊब रक्ताची होती. रक्त पायातून मागं हटत होतं, पाय बधिर झाला म्हणून दुखणं थांबलं होतं, आणि हे लोक पेढे वाटत होते.

दवाखान्यात डॉक्टर निशा यांनी प्रणयचे फोटो ओळीनं पाहिले आणि गुडघ्याच्या वरून पाय कापला.

बाबाचं दुकान चालूच आहे. दवाखान्यात नेलं म्हणून विष माघारी फिरलं, असं तो सांगतो. लोक मानाही डोलावतात.

"पट्टी काळी झाली तवा लई बरं वाटलं व्हतं, बाई," गीताबाई मला म्हणाल्या.

पट्टी खोटं बोलली नव्हती. लोकहो, माणूस आजारी पडलं तर त्याला हात लावून बघा आणि दवाखाना गाठा. प्रणय नुसता रोजच्यासारखा आईच्या पाया पडत राहिला असता, तर पाय गार पडतोय हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं.